खालून गेलेली बोट

नवं टर्बाईन पहिल्यांदा पूर्ण वेगावर आलं त्या गुरुवारी सकाळी मी लोखंडी सळईचं एक टोक गिअरबॉक्सवर आणि दुसरं कानामागच्या हाडावर टेकवून उभा होतो. यात नवल काही नाही. आमच्या साखर कारखान्याच्या पॉवरहाऊसमध्ये यंत्राची नाडी अशीच बघतात. काटे, घड्याळं, थर्मामीटर सगळं असतं, पण जुना माणूस सळई लावल्याशिवाय वहीत सही करत नाही. रविवारी मोळी होती. अध्यक्ष आणि कोणी मोठे पाहुणे उसाची पहिली मोळी गव्हाणीत टाकणार, आणि मग चार-साडेचार महिने कारखाना दिवसरात्र थांबायचा नाही, म्हणून सगळ्यांचेच जीव टांगणीला लागलेले. चीफसाहेब, म्हणजे आमचे मुख्य इंजिनिअर, पॅनेलपाशी उभे राहून मानेनंच विचारत होते, कसं काय? मी डोळे मिटले. आधी वाफेचा सरळ, बारीक सूर आला. त्याच्याखाली गिअरच्या दात्यांची किणकिण. आणि त्याच्याही खाली, पार तळाशी, पंपाचा एक गोल, न थांबणारा ठोका आला आणि माझा श्वास आपोआप अडला. हा आवाज मी आयुष्यात एकदाच ऐकला होता. डिसेंबर एकाहत्तरमध्ये, समुद्राच्या पोटात, तीन-साडेतीन मिनिटं. अगदी तोच म्हणत नाही, पण त्याच कुळातला. "काय वो, काय झालं?" यल्लाप्पानं विचारलं. तो आमचा तेलवाला, यंत्रांना तेल घालणारा, जतच्याही पलीकडचा, त्याचं मराठी अर्धं कानडीतून चालत येतं. मी सळई काढली, हात पुसले आणि म्हणालो, "काही नाही." म्हटलं आणि लक्षात आलं, तेव्हाही मी असंच काहीतरी म्हणालो होतो.

मी पंधरा वर्षं नौदलात काढली, त्यातली नऊ पाणबुडीवर. आमचं घर आष्ट्याचं, उसाचं. आजा, चुलते, थोरला भाऊ सगळे पलटणीत जाऊन आलेले. मी आरमारात निघालो तेव्हा आमचे वडील, आबा, म्हणाले होते, "जोतीराम, कुळवाड्याचं प्वार पान्यात जाऊन काय करनार रं?" ऐकत बसणार, हे त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी घरातच कोंडून घातलं असतं. पण माझं काम तेच होतं. पाण्याखाली बोटीला डोळ्यांचा उपयोग नाही. पुढच्या अंगाला तिचे कान बसवलेले असतात, आणि त्या कानांच्या तारा एका खोपटाएवढ्या खोलीत येतात. तिथं हेडफोन लावून चार-चार तास बसायचं. माझ्या आधीची पाळी शिराळ्याच्या नाथाजीची. आम्ही दोघं शिकायला एकत्रच रशियातल्या एका थंडगार बंदरात गेलो होतो. तिथला म्हातारा मास्तर टेपवर आवाज लावायचा आणि भुवया उडवून विचारायचा, हे काय? कोळंबीचा थवा तव्यावर मोहरी पडल्यासारखा तडतडतो, देवमासा कण्हतो, मालाच्या जहाजाचा पंखा लंगडत येतो. माझे दहातले सात बरोबर यायचे. नाथाजीचा एकही चुकला नाही. अणूवर चालणाऱ्या पाणबुडीची गोष्ट निघाली की मास्तर आवाज खाली आणायचा. तिचा टेप त्याच्याकडे नव्हता, किंवा आम्हाला ऐकवायची मुभा नव्हती. दुभाष्यामार्फत त्यानं एवढंच सांगितलं, की तुमच्या डिझेलच्या बोटीला वर यावं लागतं, नाक काढून हवा घ्यावी लागते, बॅटऱ्या भराव्या लागतात. तिला यातलं काही नको. ती दोन-दोन महिने खाली राहते, हवाही समुद्रातून करते आणि प्यायचं पाणीही. शिकार करणारी बोट आहे ती. फक्त तिला एक खोड आहे. पोटातली भट्टी थंड ठेवायला पाणी फिरवणारे पंप तिला बंद करता येत नाहीत. तुमची बोट मोटारी थांबवून मेल्यासारखी पडून राहील, तिला कधीच पुरतं गप्प बसता येत नाही. त्या संध्याकाळी बर्फातून परत येताना नाथाजी म्हणाला, "आपली बोट म्हंजी नागाचं गाडगं, जोत्या." शिराळ्याच्या माणसाला दुसरं काय सुचणार! पंचमीच्या आधी तिकडं नाग धरतात, गाडग्यात ठेवतात, वर फडकं बांधतात, आणि पंचमी झाली की ज्या बांधावर धरला त्याच बांधावर नेऊन सोडतात. भलतीकडं सोडलेला चालत नाही. "धरला तितंच सोडायचा," नाथाजी म्हणाला होता, "मंग त्यो तुमचा वैरी न्हाई."

समुद्र कुठला ते सांगत नाही, तशी शपथ आहे. लढाईचे दिवस होते आणि आम्ही दुसऱ्या दिवशीही वर आलो नव्हतो, कारण वर विमानं घिरट्या घालत होती. पाऊणशे माणसं, डिझेलचा आणि घामाचा वास, आणि हवा अशी झालेली की काडी ओढली तर गुल विझून जायचा. बोलायला बंदी, कारण बोलण्यानं हवा खर्च होते. डोकं आतून कोणी ठोकतंय असं दुखायचं. माझ्या वरच्या फळीवरचा पोरगा तोंडाला टॉवेल लावून ओकत होता. विमानं गेली असं वाटायला लागलं होतं, तासाभरात नाक वर काढायचं ठरत होतं, सगळे त्या एका तासावर जगत होते, आणि अशात नाथाजीनं खबर दिली. टर्बाईन. खालून. पंपाचा ठोका सलग. अणुबोट असावी. कुणाची, देव जाणे. खबर खरी असेल तर वर यायचं नाही, गप्प पडून राहायचं, तिचा आवाज टेपवर घ्यायचा, दिशा लिहायची. आणखी आठ तास, दहा तास, कोण सांगणार. पण आमच्याकडे नियम होता की दुसऱ्या कानानं ऐकल्याशिवाय नोंद व्हायची नाही. मला उठवून आणलं. नाथाजीनं आपले ऊबदार हेडफोन माझ्या डोक्यावर चढवले आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मला ऐकू आलं. पहिल्याच क्षणाला आलं. तीन-साडेतीन मिनिटं मी ऐकत होतो, नाथाजीनं सांगितलं तसंच्या तसं, खालून, सावकाश, कुणाची पर्वा नसल्यासारखी ती चालली होती. कॅप्टनसाहेबांनी विचारलं. मी म्हणालो, "मछली है, साब." पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगितलं की पाऊणशे माणसांसाठी बोललो, ओकणाऱ्या त्या पोरासाठी बोललो. ते खरं नाही. मला वर यायचं होतं. मला श्वास घ्यायचा होता. एवढंच कारण होतं आणि ते लहान आहे म्हणून मला त्याची लाज वाटते.

आम्ही वर आलो. हवा आत आली तेव्हा ती इतकी गोड लागली की माणसं हसायला लागली, मीही हसलो. नाथाजी हसला नाही. तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला की ते यंत्र होतं, मासा नव्हता. बंदरात आल्यावर त्यानं तसं लिहून दिलं. एकदा नाही, तीनदा. मग त्याला दवाखान्यात पाठवलं. कान तपासले ते उत्तम निघाले. कान उत्तम आणि तरी नसलेलं ऐकू येतं म्हटल्यावर डॉक्टरांपाशी एकच रकाना उरला. 'भास होतात' असा कागद हातात देऊन बहात्तरच्या उन्हाळ्यात त्याला घरी पाठवलं. मी त्याला स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. बोलावं असं दर डब्यापाशी वाटत होतं. त्यानंच माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "जोत्या, खरंच मासा हुता का रं?" गाडी सुटायला चार मिनिटं होती. मी म्हणालो, "व्हय गड्या." एकदा बोललेलं एक वेळ तोंडातून निसटलं म्हणता येईल. हे दुसऱ्यांदाचं निसटलेलं नव्हतं.

गुरुवारी पाळी संपल्यावर सायकलवरून विश्रामबागेत परत आलो तो रस्ता मला आठवत नाही. आमच्या दोन खोल्यांत एक पत्र्याची ट्रंक आहे, तिच्यात मी अणूवर चालणाऱ्या बोटींबद्दल वर्तमानपत्रात जे काही येतं ते कापून ठेवतो. विजयमाला, माझी बायको, तिला 'माझी सवत' म्हणते. कागद वाचून वाचून मी त्या खालून गेलेल्या बोटीची सगळी नोकरी मनात रचली आहे. कुठल्यातरी गोदीत तिचा पहिला पत्रा घातला असेल, कुणी बाईनं बाटली फोडून तिला पाण्यात सोडलं असेल, पोटातली भट्टी पहिल्यांदा पेटली तेव्हा कुणा इंजिनिअरनं आमच्या चीफसाहेबांसारखंच मानेनं विचारलं असेल, कसं काय? आतली माणसं छातीला बिल्ला लावून हिंडतात म्हणे, अंगात किती विष गेलं ते त्या बिल्ल्यावर उमटतं. दर काही वर्षांनी तिला गोदीत घेतात, पोट कापतात, नवं इंधन भरतात आणि पुन्हा शिवतात. माणसं बदलतात, ती तीच. वीस-पंचवीस वर्षांनी तिला मोडीत काढायचं, पण त्या भट्टीचं काय करायचं हे अजून कुणालाच नीट ठाऊक नाही, असं एका कात्रणात होतं. नोकरी संपली तरी आतलं निवत नाही. ते वाचून मी बराच वेळ ट्रंक उघडी ठेवून बसलो होतो. आणि एक विचार मला नेहमी छळतो. आम्ही टाक्यांतलं पाणी हवेनं बाहेर फुंकून वर आलो तो गोंगाट तिनं ऐकलाच असणार. तिच्या खोपटात बसलेल्या माणसानं तो लिहून ठेवला असणार. म्हणजे जगातल्या कुठल्यातरी वहीत आमची नोंद आहे, आणि आमच्या वहीत तिची नाही. त्या दिवशी दुपारी मी जेवून आडवा झालो तर विजयमालानं गदागदा हलवलं. "आवं, श्वास घ्या की! कवाधरनं धरून ठिवलाय." हे नवीन नाही. लग्नापासून नाही, एकाहत्तरपासून. झोपेत मी श्वास धरतो आणि ती मला हलवते. या वेळी उठून बसलो आणि तिला सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "सात वरीस! आणि शिराळा हाय किती लांब?" मी म्हणालो, एसटीनं अडीच तास. "मंग उद्या जावा," ती म्हणाली, आणि भाकरीचं पीठ काढायला उठली.

शुक्रवारी पहिल्या गाडीनं निघालो. आष्टा आलं तसं गेलं, मी भावाकडे उतरलोसुद्धा नाही. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस तोडायला आलेला, तुरे आलेले, आणि मी मनात घोकत होतो, काय बोलायचं. 'नाथाजी, तुझं बरोबर होतं.' किती सोपं वाक्य! शाळेत पाठ करायला देतात त्यापेक्षा सोपं. पण कुठे उभं राहून बोलायचं? 'धरला तितंच सोडायचा', त्याचंच म्हणणं. मी जिथं ते खोटं धरलं ती जागा समुद्राच्या तळाशी होती. ती बोट आता दुसऱ्या माणसांची, कॅप्टनसाहेब कुठे आहेत ठाऊक नाही. शिराळ्याच्या ओट्यावर चहा पिता पिता सांगितलं तर ते भलत्या बांधावर सोडल्यासारखं होणार. गावाबाहेर भाताच्या खाचरांच्या कडेला त्याचं घर सापडलं. दार लोटलेलं होतं. मी कडी वाजवली. आत कुणीतरी हालचाल थांबवली, आणि नाथाजीचा आवाज आला, हळू, अजिजीचा, "बनू, दार वाजलं का गं?" "वाजलं, वाजलं," बाईचा आवाज आला. मग दार उघडलं.

तो म्हातारा झालेला नव्हता. तेच मला अवघड गेलं. अंगानं तसाच, फक्त बघण्यात एक प्रकारची परवानगी मागणं आलेलं. मला बघून त्याचा चेहरा फुलला, म्हणाला, "जोत्या! लय दिसांनी रं!" आणि धार काढायची राहिली म्हणून पाच मिनिटांत येतो सांगून मागं गोठ्यात गेला. त्याच्या बायकोनं, बनुबाईंनी, गूळपाणी पुढे ठेवलं आणि दाराकडे एक नजर टाकून घाईघाईनं बोलायला लागल्या, जणू असं कुणी येण्याची वाटच बघत होत्या. "मांजर वरडलं तरी इचारत्यात, भावजी. हंडा भरत आला तरी इचारत्यात. सात वरीस ह्येंच्या कानाला माझा कान जोडलाय. शेती करत्यात, म्हशी बघत्यात, कुनाशी वाकडं न्हाई. पन गेल्या साली मी म्हायेरी गेल्ते. रेडकू दाव्यात मान अडकून घरघरत हुतं. ह्ये हितं ओट्यावर बसून. ऐकू येत हुतं म्हनं. पन खरंच येतंय का इचारायला कुनी नव्हतं. मी आले तवर रेडकू गेल्यालं." त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही, नुसता हातात धरून पिळला. "तुमी त्यांच्यासंगट हुता. काय हुतं वो तितं पान्यात?" त्या समुद्रातल्या जागेच्या सगळ्यात जवळचं माझ्याकडे आता ते टर्बाईनच होतं. मी म्हणालो, "वहिनी, मी त्याला कारखान्यावर घेऊन जातो. उद्या आणून सोडतो. मग तोच सांगेल." बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की त्यांना निम्मं कळलं असावं. त्या नाथाजीचा धुवट सदरा काढायला आत गेल्या. नाथाजीला मी एवढंच सांगितलं, की एक नवं यंत्र आलंय, तुझे कान हवेत. "माझं कान?" तो हसला. "माझ्या कानाचा कागद हाय की सरकारचा." तरी आला. गाडीत खिडकीशी बसून सगळ्या वाटेत तो त्या सदऱ्याची बटणं चाचपत होता.

पॉवरहाऊसमध्ये शिरलो तेव्हा तीन वाजत आले होते. टर्बाईन कालपासून चाचणीसाठी चालूच होतं. बाहेरचा माणूस आत आणायला बंदी, पण यल्लाप्पानं दुसरीकडे बघितलं. मी सळई नाथाजीच्या हातात दिली. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग सळई गिअरबॉक्सवर टेकवली, मान कलती केली आणि डोळे मिटले. कितीतरी वेळ तो तसाच होता. त्याच्या पापण्या थरथरल्या. मग ओठ हलले, पण गोंगाटात ऐकू आलं नाही, म्हणून मी जवळ गेलो. "ह्येच," तो म्हणत होता. "ह्येच. ह्येच की रं." त्यानं डोळे उघडले, आणि त्या डोळ्यांत पुन्हा ते परवानगी मागणं आलं. "जोत्या, तुला बी येतंय का ऐकू?" मी म्हणालो, "येतंय. तवाबी आलं हुतं. मी खोटं बोललो. मासा नव्हता." एवढं बोलायचं ठरवायला मला सात वर्षं लागली आणि बोलायला चार श्वासही लागले नाहीत. मला वाटलं तो सळई माझ्या डोक्यात घालील. घालावी असंही वाटलं. त्यानं सळई खाली घेतली. मग माझ्या कानापाशी तोंड आणून, समजावून सांगितल्यासारखं म्हणाला, "तू श्वास धरला हुतास. हेडफोन तुझ्या डोस्क्यावर, आन मी शेजारी उभा. मछली म्हनायच्या आदी तू श्वास धरलास. तेबी मला ऐकू आलं हुतं, जोत्या. पर मंग डाक्टर म्हनलं भास. मी म्हनलं, तेबी भासच असंल." रडू मला आलं, त्याला नाही. तो पुन्हा यंत्राकडे वळला आणि सळई टेकवली, जणू मी तिथं नव्हतोच. मी यंत्राचं पोलादी अंग धरून उभा होतो, ते तापलेलं होतं तरी हात काढला नाही. थोड्या वेळानं त्यानं सळई हातभर पलीकडे सरकवली, मग परत मागे, मग एका जागी घट्ट धरली. "हितं काय हाय?" "दुसरं बेअरिंग." "घासतंय," नाथाजी म्हणाला. "लय बारीक. दर फेऱ्याला न्हाई, सा-सात फेऱ्यांनी येकदा."

मी सळई घेतली. ऐकलं. नव्हतं. जागा बदलली, दुसरा कान लावला, श्वास रोखून ऐकलं. वाफ होती, दाते होते, ठोका होता. घासणं नव्हतं. थर्मामीटरवर काटा जागच्या जागी, तेलाचा दाब जागच्या जागी. यल्लाप्पानं ऐकलं, मान हलवली. तेवढ्यात चीफसाहेब आले, त्यांच्याबरोबर यंत्र बसवायला आलेला कंपनीचा माणूस. हा कोण म्हणून विचारलं. मी सांगितलं, माझ्या बोटीवरचा ऐकणारा. तो काय म्हणतो तेही सांगितलं. कंपनीचा माणूस हसला आणि त्यानं एकेका काट्यावर बोट ठेवून दाखवलं. चीफसाहेब हसले नाहीत. त्यांनी मला बाजूला घेतलं. "जोतीराम, परवा मोळी आहे. थांबवून, निववून उघडायचं म्हणजे उद्याचा दिवस गेला. हा तुझा माणूस मी ओळखत नाही. तू सांग. तू ऐकलंस का?" तोच प्रश्न. तेवढेच शब्द. नाथाजी सळई परत हातात घेऊन माझ्या तोंडाकडे बघत उभा होता, अगदी तेवढ्याच अंतरावर. हो म्हणायचा मोह मला झाला. हो म्हटलं की सगळं सोपं, फेडलं, मिटलं. पण ते पुन्हा खोटंच झालं असतं, आणि त्यालाही ते ऐकू गेलं असतं. "नाही साहेब," मी म्हणालो, "मला ऐकू आलं नाही." नाथाजीची मान किंचित खाली गेली. "पण त्याला आलंय. त्याला आलं म्हणजे आहे. सात वर्षांपूर्वी त्यानं असंच सांगितलं होतं, तेव्हा मला ऐकू येऊनही मी नाही म्हणालो. म्हणून याच्या हातात वेड्याचा कागद आहे. तो कागद माझा आहे, साहेब, त्याचा नाही. उघडा. काही निघालं नाही तर मला काढा." यल्लाप्पाचा हात तेलाच्या डब्यावर थांबला. कंपनीचा माणूस इंग्रजीत काहीतरी पुटपुटला. चीफसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "काढीनच," ते म्हणाले, आणि वाफ बंद करायला सांगितलं. यंत्र लगेच थांबत नाही. सूर उतरत उतरत आला, दाते वेगळे वेगळे ऐकू यायला लागले, अर्ध्या तासानं पॉवरहाऊसमध्ये चिमण्या ऐकू आल्या.

त्या रात्री नाथाजी आमच्याकडेच राहिला. विजयमालानं भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा केला, तो पोटभर जेवला, तिच्याशी म्हशींबद्दल बोलला, माझ्याशी नाही. सकाळी मी दाढी करत होतो, तेव्हा बाहेर सायकलची घंटी वाजली. नाथाजीनं मान वर केली, विजयमालाकडे वळला, "वैनी, दूध–" एवढं म्हणाला आणि थांबला. मग तोंड मिटून उठला, आणि स्वतः पातेलं घेऊन दाराकडे गेला. दूधवालाच होता. विजयमालानं माझ्याकडे बघितलं आणि मी आरशात बघत राहिलो.

कारखान्यावर पोचलो तोवर बेअरिंगचं वरचं झाकण सोडवलेलं होतं. चीफसाहेब रात्रभर घरी गेलेले दिसत नव्हते. फिटरनी शाफ्ट बोटभर उचलून धरला, खालचा अर्धगोल फिरवून बाहेर काढला, चिंधीनं तेल टिपलं आणि उजेडाला नेला. तेलाच्या भोकात पुसायच्या सुताचा एक गुंता अडकला होता, लहानसा, निरांजनातल्या वातीएवढा. बसवताना कुणाच्या तरी हातून राहिलेला. आणि त्याच्यापुढे, जिथं तेल पोचत नव्हतं तिथं, चकचकीत पांढऱ्या धातूवर नखानं ओढावी तशी एक रेघ उमटली होती. कंपनीच्या माणसानं टोपी काढली. चीफसाहेब कितीतरी वेळ त्या रेघेवरून अंगठा फिरवत होते. "आठ दिवस," ते स्वतःशीच म्हणाले, "फार तर दहा. ऐन गळितात गेलं असतं सगळं." मग त्यांनी तो अर्धगोल दोन्ही हातांत धरला आणि नाथाजीकडे चालत आले. तो दाराशी, उन्हात उभा होता. "हे बघा," चीफसाहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात असं काही होतं जे मी त्यांच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. "बघा तुम्ही."

नाथाजीनं सदऱ्याची बटणं नीट केली. त्याची नजर चीफसाहेबांवरून माझ्यावर आली आणि माझ्यावरून बाहेर, एसटीच्या रस्त्याकडे गेली.

"बगायचं काय त्यात?" तो म्हणाला. "मला ऐकू आलंय."

तो निघाला. मी त्याच्या मागोमाग जायला हवं होतं, शिराळ्यापर्यंत पोचवायचं कबूल केलं होतं, आणि गेलोही. पण त्याआधी मी वाकून, अगदी नाक लागेपर्यंत वाकून, ती रेघ बघून घेतली.